कृत्रिम आमिषाने पाइक आणि गोड्या पाण्यातील इतर शिकारी मासे धरणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्युअर म्हणजे काय आणि मासा त्याला का फसतो?

लाकूड, धातू, कडक प्लास्टिक किंवा रबरासारखे मऊ प्लास्टिक वापरून केलेल्या आणि गळ बसवलेल्या कृत्रिम आमिषाला ल्युअर म्हणतात. गांडूळ किंवा मेलेला मासा गळाला लावून वाट पाहत बसण्यात आमिषाचा वास आणि चव निम्मे काम करतात. ल्युअरला यांपैकी काहीच नसते, त्यामुळे त्याची हालचाल, पाण्यात उठणारी कंपने आणि अंगावरची चमक यांवरच सगळी मदार असते. ती हालचाल धरणाऱ्याच्या हातातून येते. म्हणून या प्रकारात काठावर निवांत बसता येत नाही. फेकणे, ओढणे, चार पावले पुढे सरकणे आणि पुन्हा फेकणे हे दिवसभर चालू राहते.

मासा फसतो तो केवळ भुकेने नव्हे. पोट भरलेला पाइकसुद्धा तोंडासमोरून अचानक निसटू पाहणाऱ्या वस्तूवर झडप घालतो, कारण शिकारी माशाच्या अंगी ती प्रतिक्रिया मुरलेली असते. सहजासहजी हाती लागेलसे भक्ष्य, म्हणजे जखमी, चुकलेला किंवा थव्यापासून तुटलेला छोटा मासा, त्याला सर्वांत आधी दिसतो. ल्युअरने वठवायची भूमिका बहुतेक वेळा हीच असते.

पाइक हा मासा कसा असतो आणि कोठे आढळतो?

पाइक, शास्त्रीय नावाने एसॉक्स ल्युसियस, हा उत्तर गोलार्धातील थंड व समशीतोष्ण प्रदेशांचा मासा आहे. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका या तिन्ही ठिकाणच्या नद्या, सरोवरे, कालवे आणि बाल्टिक समुद्राच्या कमी खारट किनारपट्टीतही तो राहतो. भारतातील पाण्यात तो नैसर्गिकरीत्या आढळत नाही.

त्याची शरीररचना पाहिली की त्याला धरण्याची अर्धी रीत आपोआप कळते. पाठीवरचा आणि पोटाकडचा पर अगदी शेपटीजवळ असल्यामुळे मागचा सगळा भाग एका वल्ह्यासारखा काम करतो आणि जागच्या जागी उभा असलेला मासा क्षणात पुढे झेपावतो. हा वेग त्याला लांबवर टिकवता येत नाही. पाठलाग हे त्याचे बलस्थान नाही, दबा धरणे हे आहे. हिरवट अंगावरचे फिकट ठिपके पाणवनस्पतींत त्याला लपवतात. जबड्यात मोठे सुळे आणि टाळूवर घशाकडे वळलेल्या बारीक दातांच्या रांगा असतात, त्यामुळे एकदा पकडलेले भक्ष्य सहसा सुटत नाही. तो भक्ष्य आडवे पकडतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. स्वतःच्या जातीची पिलेही त्याला वर्ज्य नाहीत. मोठे पाइक जवळजवळ नेहमी माद्या असतात; नर पाच किलोंच्या पुढे क्वचितच जातो.

उत्तर अमेरिकेत त्याचाच मोठा भाऊबंद मस्कलंज राहतो. पाइकच्या गडद अंगावर फिकट खुणा असतात, तर मस्कलंजच्या फिकट अंगावर बहुधा गडद पट्टे किंवा ठिपके असतात.

एखाद्या अनोळखी पाण्यात पाइक कोठे शोधावा?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, आणि तो पहिला असायला हवा. ज्या पाण्यात मासाच नाही तेथे उत्तमातला उत्तम ल्युअर दिवसभर ओढूनही उपयोग नाही. पाइक उभा असेल त्या जागी चमच्याच्या आकाराचा साधा धातूचा ल्युअरही पुरतो.

पाइकला दोन गोष्टी लागतात: लपायला आडोसा आणि झेपेच्या टप्प्यात भक्ष्य. लव्हाळ्यांची कड, कमळवेलींच्या पानांचा किनारा, पाण्यात पडलेले झाड, पुलाचे खांब, बांधलेल्या बोटींची सावली, ओढा येऊन मिळतो ते तोंड, नदीच्या वळणावरचे संथ पाणी आणि उथळ जागा संपून खोली सुरू होते तो उतार या सगळ्या जागांत एक समान सूत्र आहे. त्या कडा आहेत. मोकळ्या पाण्याच्या मध्यभागी आंधळेपणाने फेकण्यापेक्षा कडेला समांतर फेकलेला ल्युअर कितीतरी अधिक वेळ माशाच्या टप्प्यात राहतो. काठाशी येताना पहिली फेक लांबवर करण्याचा मोह आवरावा. पाइक पुष्कळदा पायाखालच्या दोन मीटरांत उभा असतो आणि आपल्या पावलांच्या धमकेने निघून जातो.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मोठ्या, खोल सरोवरांत काही पाइक किनाऱ्याकडे फिरकतच नाहीत. मोकळ्या पाण्यात वावरणाऱ्या छोट्या माशांच्या थव्यांमागे ते हिंडतात. तेथे बोट आणि खोली मोजणारे यंत्र नसेल, तर किनाऱ्यावरून त्यांचा नाद न केलेला बरा.

सुरुवात करणाऱ्याने कोणते ल्युअर घ्यावेत?

चार पुरेत. डबा भरून ल्युअर घेणारा माणूस मासे धरण्यापेक्षा ल्युअर बदलण्यातच दिवस घालवतो.

पहिला स्पून, म्हणजे बाक दिलेला धातूचा चमचा. अमेरिकेतील व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्यूल याने १८५२ साली अशा आमिषाचे पेटंट घेतले आणि त्या कल्पनेत आजवर फारसा बदल करावा लागलेला नाही. वीस ते तीस ग्रॅमचा स्पून वाऱ्यातही लांब जातो, ओढताना डुलतो आणि ओढणे थांबवले की गिरक्या घेत खाली जातो. पुष्कळदा मासा नेमका त्या पडण्यात घेतो. दुसरा स्पिनर, ज्यात तारेभोवती पातळ पाते फिरते. साध्या संथ ओढीवर तो आपले काम स्वतः करतो, म्हणून नवशिक्याच्या हाती तो सर्वांत भरवशाचा. फ्रान्समधील मेप्स या प्रसिद्ध स्पिनरचा जन्म १९३८ चा आहे.

तिसरा माशाच्या आकाराचा कडक ल्युअर, ज्याला प्लग किंवा क्रँकबेट म्हणतात. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये असा पहिला ल्युअर हाताने कोरून चॉकलेटच्या वेष्टनातील चंदेरी कागदाने मढवला आणि वर छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. भक्ष्याच्या थव्यातला जो मासा किंचित अडखळत पोहतो तोच मोठ्या माशाच्या तोंडी जातो, हे निरीक्षण त्यामागे होते. या प्रकारात तोंडापुढच्या पारदर्शक पट्टीकडे लक्ष द्यावे. पट्टी लांब आणि अंगाच्या रेषेत असेल तर ल्युअर खोल जातो. आखूड आणि उभी असेल तर वरच्यावर राहतो. सोडल्यावर तो तरंगतो, बुडतो की पाण्यात अधांतरी थांबतो हेही घेतानाच पाहावे. थंड पाण्यात अधांतरी थांबणारा ल्युअर सोन्यासारखा असतो.

चौथा मऊ प्लास्टिकचा मासा, वजनदार डोक्याच्या जिग गळावर ओवलेला. डोक्याचे वजन बदलले की त्याच आमिषाने दोन हातांवर किंवा दहा मीटरांवर मासेमारी करता येते. पाइकसाठी बारा ते वीस सेंटीमीटर लांबीचे आमिष मोठे वाटले तरी मोठे नाही. हा मासा आपल्या लांबीच्या निम्म्याजवळ जाणारे भक्ष्यही गिळतो.

रंग कोणता निवडावा?

रंगाला फार महत्त्व दिले जाते, असे आमचे स्पष्ट मत आहे. खोली, वेग आणि आकार ठीक झाल्यावर रंगाचा विचार करावा.

तरीही रंगामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्वच्छ पाण्यात तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून काही मीटर खाली लाल ल्युअर काळपट दिसतो. पाने आणि पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) यांमुळे चहासारख्या झालेल्या पाण्यात उलट घडते: निळा प्रकाश आधी संपतो आणि नारिंगी, तांबूस, सोनेरी छटा अधिक खोलवर दिसत राहतात. यावरून ठोकताळा असा, की स्वच्छ पाणी आणि ऊन असेल तर चंदेरी किंवा नैसर्गिक रंग, तपकिरी पाण्यात तांबे, सोनेरी आणि नारिंगी, तर गढूळ पाण्यात भडक पिवळा किंवा पूर्ण काळा. संधिप्रकाशात काळा चालतो, कारण खालून वर पाहणाऱ्या माशाला तेव्हा रंगापेक्षा बाह्याकार ठळक दिसतो.

रॉड, रीळ आणि दोरी कशी असावी?

२.१ ते २.४ मीटर लांबीचा, वीस ते साठ ग्रॅम वजन फेकू शकणारा रॉड आणि मध्यम आकाराचे, म्हणजे ३००० ते ४००० क्रमांकाचे, स्पिनिंग रीळ बहुतेक कामांना पुरते. शंभर ग्रॅमच्या पुढचे ल्युअर फेकायचे असतील तर जाड रॉड आणि ढोलासारखे आडवे रीळ लागते, पण सुरुवातीला त्याची गरज नाही.

दोरी विणलेली घ्यावी, सुमारे ०.२० ते ०.२८ मिलिमीटर जाडीची. ती ताणली जात नसल्यामुळे चाळीस मीटरांवर ल्युअरला लागलेला हलका धक्काही बोटाला कळतो. नायलॉनची दोरी ताणली जाते. त्यामुळे हा संदेश पुसट होतो आणि लांबवर गळ रुतवणे अवघड जाते. विणलेली दोरी दगडावर घासली की लवकर तुटते, म्हणून शेवटचे दोन मीटर अधूनमधून बोटांनी चाचपून पाहावेत आणि खरखरीत लागल्यास कापून टाकावेत.

तारेचा लीडर खरोखर आवश्यक आहे का?

होय. लीडर म्हणजे दोरी आणि ल्युअर यांच्यामध्ये जोडलेला न कापला जाणारा छोटा तुकडा. ज्या पाण्यात पाइक आहे तेथे तारेशिवाय ल्युअर फेकू नये, मग आपण दुसऱ्या माशाच्या मागे असलो तरीही.

पाइकच्या दातांपुढे विणलेली दोरी दोऱ्यासारखी कापली जाते आणि मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो. आपला एक ल्युअर जातो. त्याच्या तोंडात मात्र तीन टोकांचे दोन गळ अडकून राहतात आणि जबडा मिटला गेल्यास तो उपाशी मरू शकतो. पोलाद किंवा टायटॅनियमचा, निदान तीस सेंटीमीटरचा लीडर वापरावा. जाड फ्लुओरोकार्बनचा, म्हणजे एका पारदर्शक कृत्रिम दोरीचा, लीडर काही जण पसंत करतात, कारण तो पाण्यात कमी दिसतो. परंतु जाडी ०.९ मिलिमीटरच्या आसपास असली तरी तो कधीतरी कापला जातोच, म्हणून आमचा कौल तारेलाच आहे.

ल्युअर कसा ओढावा?

एकसारख्या वेगाने ओढणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. मागे येणारा पाइक पुष्कळ वेळ नुसता पाहत राहतो. त्याला निर्णय घ्यायला भाग पाडणारी घटना लागते. दोन-तीन वेटोळी ओढून क्षणभर थांबणे, एकदम वेग वाढवणे, दिशा बदलणे किंवा ल्युअर पडू देणे, यांपैकी काहीही ती घटना ठरू शकते. थंड पाण्यात थांबा लांबवावा, पाच ते दहा सेकंदांपर्यंतही. मऊ ल्युअर तळाशी टेकू देऊन रॉडने हळूच उचलावा आणि दोरी ताणलेली ठेवून पुन्हा पडू द्यावा. दोरी अकारण ढिली पडली किंवा आडवी सरकू लागली तर तो घासच आहे असे समजावे.

ल्युअर पायाशी आला म्हणून लगेच उचलू नये. रॉडचे टोक पाण्यात घालून त्याने एक रुंद आठचा आकडा काढावा, वळणे मोठी ठेवावीत. मस्कलंज धरणाऱ्यांची ही जुनी रीत पाइकलाही लागू पडते. मागे आलेला मासा तेथेच, आपल्या डोळ्यांसमोर, आमिष घेतो, आणि त्या क्षणी ड्रॅग, म्हणजे रिळातून दोरी किती जोराने सुटेल हे ठरवणारा ब्रेक, घट्ट असेल तर रॉड मोडतो किंवा दोरी तुटते. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चतुर्थांश ते तृतीयांशावर लावून ठेवण्याचे कारण हेच.

कोणता हंगाम आणि कोणती वेळ चांगली?

पाइक वसंताच्या आरंभी, पाणी साधारण आठ ते बारा अंशांवर आले की, उथळ आणि गवताळ जागेत अंडी घालतो. त्या काळात त्याला त्रास देऊ नये. बऱ्याच देशांत तसा कायदाच आहे. अंडी घालून झाल्यावर काही आठवडे मासे उथळ पाण्याजवळच राहतात आणि भूक भागवतात. उन्हाळ्यात ते वनस्पतींच्या कडेला आणि थोड्या खोल, थंड पाण्यात सरकतात. शरद हा सर्वांत चांगला ऋतू म्हणावा लागेल: वनस्पती मरू लागतात, आडोसे कमी होतात, छोटे मासे एकत्र येतात आणि मोठ्या माद्या हिवाळ्यापूर्वी भरपूर खातात. हिवाळ्यात मासा आळसावतो, पण उपाशी राहत नाही; ल्युअर हळू आणि खोल चालवावा लागतो.

पाइक मुख्यतः नजरेने शिकार करतो, म्हणून तो दिवसा मिळतो. ढगाळ आकाश आणि पाण्यावर वाऱ्याची लहर असेल तर तो अधिक धीट होतो. काचेसारखे शांत पाणी आणि डोक्यावर ऊन या जोडीला आम्ही फार आशेने जात नाही.

मासा गळाला लागल्यावर तो सुखरूप कसा सोडवावा?

याची तयारी पहिल्या फेकीपूर्वी करायची असते. लांब चोचीची पक्कड, गळ कापता येईल अशी कातर-पक्कड, रबरी लेप असलेली मोठी जाळी आणि मासा ठेवण्यासाठी ओली करता येईल अशी मऊ चटई, एवढे सोबत नसेल तर पाइकच्या वाटेला जाऊ नये. सुळ्यांकडे पाहून घाबरलेला माणूस मासा जमिनीवर टाकतो आणि पायाने दाबून धरतो. असा मासा पोहून गेला तरी पुढे जगेलच याची खात्री नसते.

मासा लवकर आणावा. दमवून आणणे हे कौशल्य नाही. जाळीत आल्यावर शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढावा. तसे जमण्यासारखे नसेल तर ओल्या चटईवर आडवा ठेवावा, एका हाताची बोटे कल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूने, झाकणाला चिकटून, हनुवटीकडे सरकवावीत आणि तेथे घट्ट पकडून डोके किंचित उचलावे. तोंड आपोआप उघडते. लाल कल्ल्यांना बोट लागता कामा नये. आता पक्कडीने गळाचा वाकलेला भाग पकडून आल्या दिशेने उलटा फिरवावा. गळ खोल असेल तर तोंडातून ओढत बसण्यापेक्षा त्याचे टोक कापून टाकावे. नवा गळ स्वस्त असतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच दाबून सपाट केला असेल तर हे सगळे काही सेकंदांचे काम होते, आणि आपल्या बोटात गळ घुसला तरी तो निमूट निघतो. काटा नसल्यामुळे मासे सुटतात ही तक्रार दोरी ताणलेली ठेवणाऱ्याला फारशी करावी लागत नाही.

छायाचित्र काढायचे असेल तर कॅमेरा तयार ठेवूनच मासा उचलावा, दुसऱ्या हाताने पोटाखाली आधार द्यावा, तो आडवा धरावा आणि जमिनीपासून फार वर नेऊ नये. नंतर पाण्यात सरळ धरून ठेवावा. स्वतः जोर करून निघाला की सोडावा. पुढे-मागे हलवण्याची गरज नाही. पाणी वीस अंशांच्या बरेच वर गेले की त्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजलेला पाइक सावरत नाही. भर उन्हाळ्यात इतर माशांकडे वळावे.

याच पद्धतीने गोड्या पाण्यातील आणखी कोणते मासे मिळतात?

पर्च हा अंगावर उभे पट्टे असलेला, काटेरी पराचा मासा थव्याने फिरतो. एक मिळाला की त्याच जागी आणखी मिळतात. त्याला पाच ते आठ सेंटीमीटरचे मऊ ल्युअर किंवा छोटे स्पिनर पुरतात. झँडर आणि त्याचा अमेरिकी नातलग वॉलाय यांच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून गढूळ पाणी, संध्याकाळ आणि रात्र ही त्यांची वेळ. जिग तळालगत चालवावा लागतो आणि घास एखाद्या टिचकीसारखा जाणवतो. लार्जमाउथ बास आमिष चावत नाही, पाण्यासकट शोषून घेतो. मऊ प्लास्टिकचा किडा १९४९ साली अमेरिकेत निक क्रीम याने बनवला आणि बासच्या मासेमारीचे रूपच बदलले. ट्राउटला वाहत्या पाण्यात छोटा स्पिनर आणि एकटोकी गळ योग्य.

आशियातील उष्ण पाण्यात मरळ हा या पद्धतीला सर्वांत अनुरूप मासा आहे. तो हवेतून श्वास घेतो, त्यासाठी वर येतो आणि पाणवेलींवरून सरपटत आणलेल्या पोकळ रबरी बेडकावर तुटून पडतो. पिलांच्या लालसर थव्याची राखण करणारे मरळ हमखास आमिष घेतात, पण त्यांना उचलले की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. तो थव्याचा गोळा दिसला की दुसरीकडे फेकावे.

परवाने आणि नियम कसे असतात?

देशागणिक वेगळे, आणि कधी एकाच नदीच्या दोन तुकड्यांवर वेगळे. इंग्लंड आणि वेल्समधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गोड्या पाण्यातील सर्वसाधारण मासेमारी बंद असते. आयर्लंडमध्ये दिवसाला एकच पाइक ठेवता येतो आणि ५० सेंटीमीटरहून मोठा सोडावाच लागतो, म्हणजे जतन मोठ्या माद्यांचे होते. नेदरलँड्समध्ये १ एप्रिलपासून मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत ल्युअर वापरण्यावरच बंदी असते. स्वीडनमध्ये मात्र व्हेनर्न, व्हेटर्न यांसारख्या पाच सर्वांत मोठ्या सरोवरांत हाती धरायच्या साधनांनी परवान्याविना मासेमारी करता येते. जाण्याआधी त्या पाण्याचा चालू वर्षाचा नियम वाचावा. मित्राच्या आठवणीवर विसंबू नये.

आजवरचा सर्वांत मोठा पाइक केवढा होता?

आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनच्या नोंदीनुसार २५ किलोंचा, जर्मनीतील ग्रेफेर्न येथील तळ्यात १६ ऑक्टोबर १९८६ रोजी धरलेला. एक मीटर लांबीचा, साधारण सात ते आठ किलोंचा पाइक बहुतेकांना आयुष्यभर लक्षात राहतो.

पाइक खाता येतो का?

येतो, आणि त्याचे पांढरे मांस चांगले असते. फक्त पाठीच्या मांसात दुहेरी फाट्याचे बारीक काटे असतात, ते काढायला सराव लागतो. खायचाच असेल आणि नियम परवानगी देत असेल तर मध्यम आकाराचा घ्यावा. मोठी मादी दरवर्षी सर्वाधिक अंडी देते, शिवाय मोठ्या शिकारी माशांत पारा अधिक साठलेला असतो.

ल्युअरची निगा कशी राखावी?

घरी आल्यावर डबा उघडा ठेवून ल्युअर वाळू द्यावेत, नाहीतर गळ गंजतात. गळाचे टोक नखावर हलके टेकवून पाहावे: घसरले तर कानशीने धार करावी किंवा गळच बदलावा. मऊ प्लास्टिकचे ल्युअर कडक ल्युअरच्या डब्यात ठेवू नयेत, कारण त्यांतील तेलकट द्रव्यामुळे कडक ल्युअरचा रंग आणि कधी कधी डब्याचे प्लास्टिकही विरघळते. वेगवेगळ्या रंगांचे मऊ ल्युअर एकत्र ठेवले तर महिन्याभरात सगळ्यांचा एकच मातकट रंग होतो.